सायलेन्सरच्या पोटातली पुंगळी

बारामतीहून इंदापूरकडे निघालं की काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवडी ओलांडून लासुर्णे येतं आणि पुढे जंक्शनला वालचंदनगरचा फाटा लागतो. संत तुकाराम महाराज पालखी महामार्ग म्हणून हा रस्ता आता चांगला रुंद झाला आहे, त्यामुळे गाड्यांचा वेगही वाढला आहे. दिवसा उसाच्या ट्रॉल्या, एसटी, दुधाच्या गाड्या आणि ट्रॅक्टर यांच्या गलक्यात एखादी बुलेट फटफटत गेली तरी कुणी मान वर करत नाही. रात्री अकरानंतर तीच गाडी रस्त्यापासून दूर, उसातल्या वस्तीवर झोपलेल्या माणसालाही स्पष्ट ऐकू येते. गियर कुठे बदलला, तेसुद्धा कळतं.

याला रात्रीची शांतता हे एक कारण आहे, पण तेवढंच नाही. सूर्य मावळल्यावर जमीन लवकर निवते आणि जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते. गार हवेत आवाज थोडा हळू चालतो, उबदार हवेत जलद. त्यामुळे वर निघालेल्या ध्वनिलहरी हळूहळू वळून पुन्हा खाली जमिनीकडे येतात. दिवसा याच्या उलट होतं: तापलेल्या जमिनीवरून लहरी वर उचलल्या जातात आणि आवाज आकाशात निघून जातो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरच्या या सपाट, ओल्या रानात हिवाळ्याच्या रात्री गारवा जमिनीला धरून बसतो. म्हणून ऐन गाळप हंगामात, जेव्हा तोडणी कामगारांच्या कोप्यांत लहान मुलं झोपलेली असतात, तेव्हाच रस्त्यावरचा आवाज सगळ्यात लांब पोचतो.

हा आवाज करणाऱ्या बहुतेक गाड्या कारखान्यातून अशा येत नाहीत. त्यांच्या सायलेन्सरमधून काहीतरी काढून टाकलेलं असतं, नाहीतर सायलेन्सरच बदललेला असतो. आत बसणारी भोकांची नळी किंवा पडद्यांची जोडणी, जिला गॅरेजमध्ये पुंगळी म्हणतात आणि इंग्रजी पुस्तकात बॅफल, ती परत बसवली की यातला मोठा भाग थांबतो. हे काम अवघड नाही. पण पुंगळी नेमकं करते काय, हे कळल्याशिवाय ती परत बसवावीशी वाटत नाही, म्हणून आधी तेच पाहू.

इंजिनात पेट्रोलचा भडका उडतो तो आवाज बाहेर येत नाही. तो जाड धातूच्या आत बंद असतो. बाहेर येतो तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतानाचा आवाज. त्या क्षणी सिलिंडरमधल्या जळक्या वायूचा दाब, गाडी ओढत असेल तर, बाहेरच्या हवेच्या तीन-चार पट असतो. व्हॉल्व्हला फट पडताच हा वायू बेंड पाइपमध्ये झेपावतो आणि त्याच्या पुढे दाबाची एक लाट धावते. नळीच्या तोंडातून ती लाट मोकळ्या हवेत पडली की आपल्याला फट्ट असा आवाज येतो. चार-स्ट्रोक इंजिनात हे दर दोन फेऱ्यांतून एकदा घडतं. एका सिलिंडरची बुलेट उभ्या उभ्या मिनिटाला हजार फेरे घेत असेल, तर सेकंदाला आठ धडाके होतात. आठ धडाके कानाला सुटे सुटे मोजता येतात. बुलेटचा तो ठोक्याचा आवाज म्हणतात तो हाच. तीन हजार फेऱ्यांना तेच धडाके सेकंदाला पंचवीस होतात आणि एकमेकांत मिसळून गुरगुर ऐकू येते.

सायलेन्सरला वायू अडवायचा नसतो. वायू अडला तर इंजिन गुदमरेल. त्याला फक्त दाबाची लाट मोडायची असते आणि वायूला निवांत बाहेर जाऊ द्यायचं असतं. विहिरीवरच्या मोटारीचं पाणी पाइपातून उसळ्या घेत हौदात पडतं आणि हौदातून पाटाला लागताना संथ झालेलं असतं. पाणी तेवढंच जातं, धक्का मात्र हौद खातो. सायलेन्सरचा रुंद डबा हे हौदाचं काम करतो. अरुंद बेंड पाइपमधून लाट एकदम रुंद जागेत आली की तिचा काही भाग पुढे जातो आणि काही भाग उलटा परततो. डब्याच्या दुसऱ्या टोकाला पडदा असतो, तिथेही तेच होतं. परतलेल्या लाटा आणि नव्याने येणाऱ्या लाटा एकमेकींना भिडतात, आणि जिथे एकीचा चढ दुसरीच्या उताराला गाठतो तिथे दोन्ही विरतात. एका डब्याऐवजी आत दोन-तीन कप्पे केले, त्यांना भोकांच्या नळ्यांनी उलटसुलट जोडलं की हे पुन्हा पुन्हा घडतं. पुंगळी म्हणजे या रचनेचा शेवटचा आणि बहुतेक वेळा सगळ्यात सहज निघणारा तुकडा.

इथे लांबीचं गणित येतं, आणि मला ते फार आवडतं, कारण साध्या पत्र्याच्या डब्यात किती विचार भरलेला असतो ते त्यातून दिसतं. साधारण ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेल्या वायूत आवाज सेकंदाला सुमारे ५०० मीटर धावतो. आपल्या नेहमीच्या हवेत तो सुमारे ३४० मीटर धावतो. सेकंदाला ५०० कंपनांच्या सुराची एक लहर या वायूत एक मीटर लांब होते. कप्प्याची लांबी लहरीच्या पाव भागाइतकी असली की तो सूर सगळ्यात चांगला मरतो. म्हणजे पंचवीस सेंटिमीटरचा कप्पा या सुराला पुरतो. तेवढी जागा मोटारसायकलवर सहज मिळते. पण बुलेटच्या सेकंदाला पंचवीस धडाक्यांचा मूळ खर्ज घेतला तर लहर वीस मीटर होते आणि तिचा पाव भाग पाच मीटर! तेवढा सायलेन्सर गाडीपेक्षा लांब होईल. म्हणून कर्कश आणि मधले सूर मारणं सोपं असतं, तर खर्ज दाबायला अभियंत्यांना कप्पे वाढवावे लागतात, नळ्यांची तोंडं लहान करावी लागतात. पुंगळी काढल्यावर आधी बाहेर येतात ते हे कर्कश सूर. खर्ज भिंती भेदून आत येतो. कर्कशपणा थेट कानात टोचतो. पुंगळी नसलेली गाडी दोन्ही करते.

दुसरी रचना सरळ नळीची असते. मधोमध चाळणीसारखी भोकं पाडलेली सरळ नळी, तिच्याभोवती ग्लासवूल किंवा स्टीलवूल, आणि बाहेर डबा. वायू सरळ निघून जातो, आवाज भोकांतून त्या लोकरीत शिरतो आणि तंतूंच्या घर्षणात त्याची उष्णता होते. ही रचना कर्कश सुरांना चांगली, खर्जाला कमकुवत. शिवाय ग्लासवूल कायम टिकत नाही. धक्क्यांनी आणि उष्णतेने तिचा भुगा होतो आणि तो थोडा थोडा बाहेर फेकला जातो. बाजारातून घेतलेला सायलेन्सर पहिले काही महिने बरा वाटतो आणि मग त्याचा आवाज वाढतच जातो, त्याचं कारण अनेकदा हेच.

एक्झॉस्टचा आवाज दाबण्याचं पेटंट अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या रीव्ह्ज बंधूंनी १८९७ मध्ये घेतलं. १९०९ मध्ये हायरम पर्सी मॅक्सिम यांनी बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं आणि इंजिनांचा आवाज दाबण्याचंही काम ते करत होते. त्यांचे वडील मशीनगनचे जनक. बंदुकांच्या आवाजाने वडील बहिरे झाले होते.

आता पुंगळी सुटी का ठेवली, हा प्रश्न. ती आवाज वाढवण्यासाठी सुटी ठेवलेली नव्हती. यामाहा आरएक्स १००, राजदूत, येझदी या टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलबरोबर ऑइलही जळायचं. ते अर्धवट जळालं की सायलेन्सरमध्ये काजळी साठायची आणि भोकं बुजायची. मग गाडी चढाला दमायची. मिस्त्रीने मागचा एक छोटा बोल्ट काढायचा, पुंगळी ओढून बाहेर घ्यायची, काजळी जाळून-खरवडून पुन्हा बसवायची, यासाठी ती सोय होती. आरएक्स १०० भारतात १९८५ पासून १९९६ पर्यंत निघाली, आणि अजूनही बारामती-इंदापूर भागात ती जपून ठेवणारी माणसं आहेत. पण स्वच्छतेसाठी काढलेली पुंगळी परत न बसवणारेही तेव्हापासूनच झाले. पोरांना त्या पातळ, चिरक्या आवाजाची भुरळ पडली आणि ती सवय पुढे चार-स्ट्रोक गाड्यांवर गेली.

टू-स्ट्रोकच्या बाबतीत तर हा उद्योग गाडीवर अन्यायच आहे. तिच्या सायलेन्सरमधला फुगत जाणारा आणि पुन्हा निमुळता होणारा भाग नुसता आवाजासाठी नसतो. त्यातून परतणारी लाट, सिलिंडरमधून निसटू पाहणारं ताजं मिश्रण परत आत ढकलते. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीचे अभियंते वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात हे तंत्र परिपूर्ण केलं. १९६१ मध्ये त्यांचा शर्यतपटू एर्न्स्ट डेगनर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी देश सोडून निसटला, हे तंत्र घेऊन सुझुकीकडे गेला आणि पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं. एक्झॉस्टच्या आकाराचं ज्ञान एवढं मोलाचं होतं. मागच्या नळीचं तोंड किती असावं हेही त्याच गणितात बसवलेलं असतं. ते मोकळं केलं की आतला दाब बिघडतो, परतणारी लाट कमकुवत होते आणि ताजं पेट्रोल तसंच बाहेर जातं.

चार-स्ट्रोकमध्येही लाटांचा हा खेळ चालतो, फक्त वेगळ्या रीतीने: परतणारी कमी दाबाची लाट व्हॉल्व्ह बंद होण्याआधी पोचली तर ती उरलेला जळका वायू ओढून घेते. लांबी-रुंदी बदलली की ही वेळ चुकते. पुंगळी काढल्यावर पिकअप वाढला असं चालवणाऱ्याला वाटतं, कारण आवाज वाढला की वेग वाढल्याचा भास होतो. खरी ताकद हवा आत किती येते, व्हॉल्व्ह कधी उघडतात आणि पेट्रोल किती मिळतं यावर ठरते. एकट्या एक्झॉस्टला मोकळं करून फार तर वरच्या फेऱ्यांना थोडा फरक पडतो. गावातल्या रस्त्यावर लागतो तो मधल्या फेऱ्यांचा जोर, तो बहुधा कमीच होतो. कार्बुरेटरच्या गाडीत मिश्रणात पेट्रोल कमी पडून इंजिन जास्त तापतं. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत तर एक्झॉस्टमध्येच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असतो. सायलेन्सरसकट कन्व्हर्टर गेला की कार्बन मोनॉक्साइडसारखे वायू न बदलता थेट बाहेर पडतात. आवाज ऐकू तरी येतो, हे वायू दिसतही नाहीत.

आवाज किती असावा हे नियमात ठरलेलं आहे. नव्या दुचाकीसाठी ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, त्यापुढे १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्याहून मोठ्या इंजिनाला ८० डेसिबल. मोजणी गाडी जाते त्या रेषेपासून साडेसात मीटरवर ठेवलेल्या मायक्रोफोनने, पूर्ण रेस देत असताना करतात. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे. गाड्यांचं नवं मॉडेल रस्त्यावर येण्याआधी अशाच संस्थेतून तपासून घ्यावं लागतं. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतल्या पियाजिओच्या कारखान्यातून २०१२ पासून व्हेस्पा बाहेर पडते, तिलाही हीच कसोटी लागू. म्हणजे प्रत्येक मॉडेलच्या सायलेन्सरमागे कुणीतरी बसून मोजलेले आकडे आहेत, आणि दहा मिनिटांत पुंगळी काढणारा ते सगळे पुसून टाकतो.

डेसिबलचे आकडे फसवे असतात. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दसपट होते. साडेसात मीटरवर ८० डेसिबलची गाडी पुंगळी काढल्यावर ९० झाली, तर तशाच दहा गाड्या एकदम गेल्यासारखं होतं. आणखी दहा वाढले तर शंभर गाड्या. उघड्या माळावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. साडेसात मीटरवरचे ९० डेसिबल पंधरा मीटरवर ८४ होतात, तीसवर ७८, साठवर ७२, आणि असं करत ४८० मीटरवर ५४. मूळ ८० डेसिबलची गाडी तेवढ्याच अंतरावर ४४ वर आलेली असते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाची रात्री दहा ते सकाळी सहापर्यंतची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ती ठरावीक काळाच्या सरासरीची मर्यादा आहे आणि मधल्या भिंती-झाडं आवाज थोडा खातात, हे खरं. पण पुंगळी असणं-नसणं यामुळे अर्ध्या किलोमीटरवरच्या झोपेवर काय परिणाम होतो, ते या दोन आकड्यांतून दिसतं. आजारी माणूस, तान्हं मूल, पहाटे गाईम्हशींच्या धारा काढायला उठणारी बाई यांना या आवाजाबद्दल कुणी विचारलेलं नसतं. जनावरंही बुजतात. उसाची बैलगाडी शेजारून जात असताना मुद्दाम रेस करणाऱ्याला बैल उधळला तर गाडीवानाचं काय होईल, याची कल्पना असायलाच हवी.

कायदाही पुरेसा स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम प्रत्येक वाहनाला, ट्रॅक्टरलाही, सायलेन्सर सक्तीचा करतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तो बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९० (२) खाली आवाजाचे निकष मोडणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय तीन महिने लायसनवर गदा येते. पुणे-नागपूरसारख्या शहरांत पोलिसांनी जप्त केलेले ‘इंदोरी’, ‘पंजाबी’ सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोडरोलर फिरवले. त्याचे फोटो छापून येतात आणि काही दिवस वचक राहतो. माझ्या मते खरा उपाय गावातल्या गॅरेजमध्ये आहे. काढणारा मिस्त्री तोच असतो आणि बसवणाराही तोच असू शकतो.

बसवायचं कसं, ते आता. गाडी पूर्ण गार होऊ द्यायची. गाडीला मूळ सायलेन्सर असेल आणि फक्त पुंगळी गेली असेल, तर त्याच मॉडेलची पुंगळी घ्यायची. लांबी आणि बाहेरचा व्यास जुळला नाही तर ती आत खुळखुळते आणि कडेने आवाज निसटतो. आधी बोल्टाला गंज उतरवणारं तेल मारून ठेवायचं, जोर लावला तर बोल्ट तुटून आतच राहतो. पुंगळीवर काजळी असेल तर जाळून, ब्रशने साफ करायची. कॉस्टिक सोड्यात बुडवणारेही आहेत. सोडा काजळी चांगली काढतो, पण अॅल्युमिनियम खातो आणि कातडीही भाजतो, त्यामुळे हातमोजे, चष्मा घालायचे आणि लोखंडी भागच बुडवायचे. बोल्ट कसताना वॉशर विसरायचा नाही, नाहीतर थरथरीने बोल्ट पहिला सुटतो.

बाजारातला मोकळा सायलेन्सर बसवलेला असेल तर त्याच्या तोंडाशी ‘डीबी किलर’ नावाचा छोटा तुकडा येतो, तो बहुतेकांनी घरी आणल्या दिवशीच काढून ठेवलेला असतो. तो बसवल्याने आवाज उतरतो. तरीही नियमात बसेल याची खात्री नाही, कारण नुसतं तोंड आवळल्याने आतले नसलेले कप्पे तयार होत नाहीत. ग्लासवूल झडली असेल तर डबा उघडून, नळीभोवती नवी ग्लासवूल सारख्या जाडीने गुंडाळून तारेने बांधायची. फार ठासून भरली तर आवाज शोषण्याची जागाच उरत नाही, सैल राहिली तर लवकर उडते. हे काम तोंडाला फडकं बांधून, मोकळ्या हवेत करायचं. पण मूळ सायलेन्सर घरच्या माळ्यावर पडलेला असेल, आणि बऱ्याच घरांत तो असतोच, तर एवढा खटाटोप करण्यापेक्षा तोच खाली उतरवून लावणं सगळ्यात चांगलं. बीएस-६ गाडीत ऑक्सिजन सेन्सरची वायर ओढू नये आणि कन्व्हर्टरचा भाग परत जागेवर आला आहे ना, ते पाहावं.

मूळ सायलेन्सर असूनही गाडी फटफटत असेल तर चूक बहुधा दुसरीकडे असते. सिलिंडरला बेंड पाइप जिथे जोडलेला असतो तिथलं पॅकिंग गेलं की आवाज तिथूनच फुटतो. रेस सोडल्यावर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि गरम नळीतलं उरलेलं पेट्रोल पेटून फटाके वाजतात. चालत्या गाडीत किल्ली बंद-चालू करून हेच फटाके मुद्दाम वाजवणारेही आहेत. त्या धक्क्यांनी आतले पडदे वेल्डिंगपासून सुटतात आणि मग गाडी कायमची मोठ्याने बोलू लागते.

गंज हेही मोठं कारण. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, ते वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. घर ते रान, रान ते डेअरी अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत सायलेन्सर पुरता तापतच नाही. वाफ आतच निवते, पाणी तळाशी साठतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो. म्हणून अनेक सायलेन्सरच्या खाली एक बारीक भोक ठेवलेलं असतं. ते पाणी निघण्यासाठी आहे. गळती समजून वेल्डिंगने बुजवू नये. चिखलाने बुजलं असेल तर तारेने मोकळं करावं. आठवड्यातून एकदा तरी गाडी बारामतीपर्यंत किंवा इंदापूरपर्यंत एका दमात नेली की आतलं पाणी उडून जातं.

काम झाल्यावर फरक मोजता येतो. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. आवाज मोजणारं अॅप मोबाइलवर घ्यायचं. मोबाइलचा आकडा नेमका नसतो, पण एकाच मोबाइलवर आधी आणि नंतर घेतलेल्या दोन आकड्यांतला फरक भरवशाचा असतो. गाडी मोकळ्या जागेत उभी करायची, जवळ भिंत नको. सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर मागे, नळीच्या रेषेला तिरका ४५ अंशांत मोबाइल धरायचा. उभ्या गाडीच्या अधिकृत मोजणीतही मायक्रोफोन असाच ठेवतात. दोन्ही वेळा रेस सारखीच द्यायची. पाच डेसिबलचाही फरक आला नाही, तर पुंगळी कडेने सैल आहे किंवा पुढचं पॅकिंग गळतंय असं समजून पुन्हा पाना हातात घ्यायचा.